तिसऱ्या खेपेचं औषध

(मूर्तिजापूरच्या जैतुनबी मनियार यांनी सांगितलेलं, त्यांच्याच बोलीत)

माहं माहेर हिवरखेडचं, तेल्हारा तालुक्यातलं, अन् सासर इथी मूर्तिजापुरात, अन् दोन्हीकडे धंदा एकच, बांगड्याचा. आमी मनियार. आमच्यात पोरीले बाकी काई येवो न येवो, बांगडी भरता आली पायजे. माह्या मायनं मले शिकोलं का बाईचा हात हातात घेतला का पयले तिच्यासंगं बोलाचं, लेकराचं इचाराचं, सासूचं इचाराचं, सासूचं इचारलं का बाई रंगात येते, अन् बोलता बोलता तिचा हात ढिला पडते, मंग अंगठ्याखालचं हाड दाबून बांगडी सरकून द्याची, बाईले समजतबी नाई. आमच्या इकडच्या बाया वावरात जानाऱ्या, त्याईले ढिली बांगडी चालत नाई, ढिली बांगडी कामात फुटते, घट्टच पायजे, अन् घट्ट भराची म्हनलं का भरतानी एखादी फुटनारच, फुटली तं तिचा पैसा घ्याचा नाई, ते मनियारीनीच्या अंगावर. काच कधी तिच्या हाताले लागे, कधी माह्या. माह्या बोटाले चिर नाई असा दिवसच नसे. रक्त आलं तं अंगठ्यानं दाबून धराचं, थांबलं का पुढची बांगडी. याच्यात काई इचार कराची गोष्ट हाये असं आमाले कधी वाटलंच नाई.

लग्न होऊन आली अन् सासूसंगं फेरीले जाऊ लागली. शकुंतलेनं, म्हंजे आमच्या इकडच्या त्या लहान्या आगगाडीनं जाचं, कधी अचलपूरच्या बाजूले, कधी यवतमाळच्या, डोक्यावर टोपलं अन् काखेत रशीद, रशीद म्हंजे माहा पोरगा. गाडीतच बाया हात पुढे करत, म्हनत काहून वं मनियारीन, दोन-सहाच्या मापाच्या हिरव्या हायेत का, अन् टेसन येईपर्यंत डब्यातच दोघीतिघीचे हात भरून होत. अन् एक गोष्ट सांगतो तुमाले ताई, तुमाले माहीत असन का नसन. बांगड्या भरून झाल्या का बाई मनियारीनीले वाकून नमस्कार करते. कुनब्याची असो, माळ्याची असो, बौद्धाची असो, नवरी असली तं तिची मायच सांगते का लाग पाया. आता मी मुसलमानाची, गरिबाची, एरवी मले कोन पाया लागते, पन तेवढ्या वेयेपुरती मी मोठी. ते मले लय आवडे, खोटं काहून बोलू.

मंग कापसाचे ते वाईट वर्षं आले. जिथी दोन-दोन डझन भरल्या जात तिथी सहा-सहावर आलं, लग्नं पुढच्या साली, पुढच्या साली होऊ लागले, अन् एखाद्या घरी दिवाळीले हात भरून यावं अन् संक्रांतीले जावं तं तीच बाई मोकये हात पदराखाली घेऊन दारात उभी, म्हने आता मले काई नोको जैतुन. टोपलं उचलून निंगाचं. मले वाटे आपन या दारात यालेच नोको होतं. पन मी माहंच सांगाले बसली, तुमी म्हनसान ही कुठी चालली.

मले ही बिमारी हाये हे समजलं ते गर्भपिशवीच्या ऑपरेशनच्या वेयेले. अमरावतीले एका खाजगी दवाखान्यात भरती केलं, रक्त तपासलं, अन् सकायी ज्या नर्सबाईनं माहा हात धरून मले पलंगावर बसवलं तीच दुपारी दारातून बोलाले लागली. पलंग कोपऱ्यात नेला. डॉक्टर रशीदच्या अब्बाले बाजूले घेऊन म्हने का हिच्या रक्तात कावीळ हाये, सी नावाची, याच्यात अंग पिवयं होत नाई पन आतून जिगर खराब होते. म्हने रक्त चढोलं होतं का कधी? चढोलं ना, रशीदच्या बायतपनात. सुया टोचल्या का? टोचल्या ना, आमच्या लहानपनी गावचा डॉक्टर एकच सुई गरम पान्यात बुडवे अन् सगया गावाले टोचे. म्हने मंग त्याच्यातूनच कशातून तरी आली असन, आता सांगता येत नाई. पन लोकाईले एवढं कोन समजावून सांगते? जिगर खराब म्हनलं का दारू. दारू नाई तं मंग ती दुसरी बिमारी, जिचं नाव कोनी घेत नाई. माही जाऊ मले पाहाले आली तं चहा नाई पेली, म्हने रोजा हाये. ताई, रमजानले आजून चार महिने होते. मी कप उचलून मोरीत ओतला अन् हासली, पन आतून मेल्यासारखं झालं मले.

औषध अकोल्यात सुरू झालं, तिथल्या एक डॉक्टरीनबाई होत्या, अजूनबी त्याच हायेत. पयल्या खेपेले सुया होत्या, दर हप्त्याले पोटात एक सुई, अन् संगं गोल्या, सालभर. सुई घेतली का ताप येवून अंग हालाले लागे. केस गेले. अन् डोकं असं फिरलं का जी बाई बोलून बोलून लोकाईचे हात ढिले करे तीच घरात ताटं फेकू लागली. सुनेले, रशीदच्या बायकोले, काय काय नाई बोलली मी, तिच्या मायबापापर्यंत गेली. डॉक्टरीनबाई म्हने औषधानं चिडचिड होते, तुमचा दोष नाई. पन तोंड कोनाचं होतं? माहंच ना. अन् एवढं घरादाराले छळून शेवटी रिपोर्ट आला का बिमारी तशीच हाये, औषधानं काईच केलं नाई. घरी येताना मले रशीदच्या अब्बाकडे पाहाची हिंमत झाली नाई, पोट्टं परीक्षेत नापास होऊन येते ना तशी मी एसटीत बसून आली.

त्याच वेयेले डॉक्टरीनबाईनं सांगतलं होतं का हाताले चिर असली तं दुसऱ्याच्या हाताले लागू देऊ नोको, रबराचे मोजे घाल. मी घालून पाहले, पन मोज्यातून हाड लागतच नाई हाताले, अन् बाया म्हनत काहून वं, आमचे हात गंदे हायेत का? मंग मी हात भरनंच सोडून देलं. इथी टेसनजवय दुकान हाये आमचं, रशीद चालवते, तिथी बसाची, बांगडी पसंत करा, घरी नेऊन घाला. काहून भरत नाई म्हनलं का सांगाची सांधे धरले. सगये म्हनत बिचारी, अन् कोनी चोयाचं तेल सांगत, कोनी काढा सांगत. मी हो हो म्हनाची. खरं सांगाची लाज, अन् खोट्यावर लोक कीव करत त्याची आजून लाज.

मंग किती तरी वर्षानं नवीन गोल्या निंगाल्या. डॉक्टरीनबाईनं बोलावून घेतलं, म्हने सुई नाई, ताप नाई, सहा महिने गोल्या खाच्या. पैशाचं कसं केलं ते आमचं आमाले माहीत, पन खाल्ल्या, एक दिवस चुकवली नाई. सहा महिन्यानं रिपोर्ट आला का रक्तात काईच दिसत नाई. बाई म्हने आत्ता दिसत नाई, तीन महिन्यानं पुन्हा तपासू, तवा खरं समजन. आता ऐकनाराची गंमत पाहा. आमी दोघंबी बाजूबाजूले बसलो होतो, अन् दोघाईनंबी फक्त दिसत नाई एवढंच ऐकलं. दिसत नाई म्हंजे गेलं. घरी येऊन मी चुलीवर मोठा गंज चढोला, जर्दा केला, म्हंजे आमचा गोड भात, सगया मोहल्ल्यात वाटला, त्या जावेच्या घरी तं सोता घेऊन गेली, म्हनलं खा, आता रोजा नसन तुहा. अन् लग्नाचे दिवस होते, दुसऱ्याच हप्त्यात टोपलं काढलं.

आता शोभाबाईचं सांगाव लागते. शोभाबाई दर्यापूरच्या वाटेवरच्या एका गावची, घरी पिठाची चक्की हाये, नवरा वारला तवापासून तीच चालवते. तिच्या लग्नाचा चुडा माह्या सासूनं भरला, अन् तिच्या पोरीले, वैशालीले, तान्ही असतानी काया मन्याच्या पयल्या मनगट्या मी बांधल्या. त्या वैशालीचं लग्न होतं. शोभाबाई म्हने तुहे सांधे बरे झाले म्हनतात, मंग नवरीचा हात तूच भर. मी तं उडतच गेली. पोट्टी शिकलेली, हातात कधी काच घातली नाई, लग्नाच्या गडबडीत हात सुजलेले, अन् शोभाबाईचा हट्ट का दोन-चारच्याच भर, घट्ट. तिसरी का चौथी बांगडी फुटली. तिच्या मनगटाले लागलं, माह्या अंगठ्याले लागलं. अन् मी काय केलं, तर जे जलमभर केलं तेच, अंगठा दाबून धरला तिच्या चिरेवर. थांबलं रक्त. बाकीच्या भरल्या. शोभाबाई म्हने लाग पाया, अन् ते वाकली माह्यापुढे.

तीन महिन्यानं आमी अकोल्याले गेलो. डॉक्टरीनबाईनं रिपोर्ट पाहला अन् चष्मा काढून टेबलावर ठेवला, मले तवाच समजलं. परत आली म्हने. जिगर कडक होऊन राहिलं हाये, आजून वेय गेली नाई, आता दुसऱ्या गोल्या आल्या, सरकारी दवाखान्यात फुकट भेटतात, सहा महिने संगं आजून एक गोई घ्याची, बऱ्याच जनाईले गुन येते, पन मी शंभर टक्के म्हनत नाई. नाई घेतलं तं पोटात पानी होईन, पुढे आजून वाईट होईन. मी म्हनलं पाहू. रशीदचे अब्बा म्हने पाहू काय, घे. मी म्हनलं पाहू. पाहू म्हंजे नाई, ते मले माहीत होतं अन् त्यालेबी माहीत होतं. ताई, दोनदा सगयं घर माह्या मांगं लागलं, दोनदा मोहल्ल्यानं दुवा केल्या, जर्दा खाल्ला लोकाईनं माह्या हातचा, आता पुन्हा कोन्या तोंडानं सांगू का परत आली? मरन त्याच्यापेक्षा सोपं वाटे. अन् खरी गोष्ट सांगू का, त्या दिवसापासून मले डोयापुढे ते पोट्टीचं मनगट दिसे. जिची बिमारी दुसऱ्याच्या अंगात गेली असन तिनं आपल्यासाठी औषध कोन्या तोंडानं मागाव?

कोनाले बोलली नाई मी. टोपलं पुन्हा माळ्यावर टाकलं, सांधे पुन्हा धरले. महिने गेले. अन् मंग शोभाबाईचा फोन. म्हने वैशालीले सातवा लागला, सोमवारी डोहाळजेवनाचा कार्यक्रम हाये, हात भराले ये, सांधेबिंधे मी ऐकत नाई.

फोन ठेवला अन् रशीदच्या अब्बाले पयल्यांदा सगयं सांगतलं, बांगडी फुटल्याचं. त्यानं उठून पयले दार लोटून घेतलं. मंग म्हने जाने दे. म्हने सांग सांधे दुखतात, आनि गप्प राह्य, सांगशीन तं फेरीतलं एक घर राहनार नाई आपल्याले, रशीदचंबी दुकान हाये. मानूस वाईट नाई ताई, त्याले माही कायजी अन् पोराची कायजी. मी त्याले न सांगता अकोल्याले गेली. डॉक्टरीनबाईले इचारलं का असं असं झालं, त्या पोट्टीले होऊ शकते का? म्हने एवढ्याशा चिरेतून होन्याचा धोका थोडा हाये, पन हाये, पोटुशी हाये तं तपासून घेतलेलं बरं. अन् म्हने तुमी कवा चालू करता? मी म्हनलं पयले तिचं होऊ द्या.

तिथून तशीच शोभाबाईच्या गावाले उतरली. चक्की चालू होती, दयन घेऊन दोन बाया बसल्या होत्या. शोभाबाई म्हने ये वं, आजच आली? मी तिच्या कानाशी जाऊन सांगाले लागली तं चक्कीच्या आवाजात तिले ऐकूच येईना, म्हने मोठ्यानं बोल. मी आजून जरा मोठ्यानं बोलली. ऐकू येत नाई बापा, थांब, म्हनून तिनं चक्कीच बंद केली. अन् असं सुनं झालं एकदम का माहं बोलनं त्या दोघी बायाईलेबी ऐकू गेलं, अन् दारात वैशाली पोट धरून उभी होती तिलेबी. मी सगयं सांगतलं. बिमारीचं नाव सांगतलं, बांगडीचं सांगतलं, अंगठ्याचं सांगतलं. खाली पाहूनच सांगतलं, पीठ सांडलं होतं तिथी, त्याच्याकडे पाहत.

शोभाबाई म्हने तुले माहीत होतं का? मी म्हनलं नाई, मले वाटलं मी बरी झाली. म्हने वाटलं? तुले वाटलं? अन् पोट्टीचा हात धरून ते मनगट उलटंपालटं करून पाहू लागली, जसं काई तिथी दिसनार होतं. ती चिर कवाच बुजली होती. मंग म्हने निंग इथून. त्या दोघी बायाईपैकी एक आपल्या हातातल्या बांगड्याकडे पाहून राहिली होती, त्या माह्याच दुकानातल्या होत्या. मी निंगाली. येतानी मी रडलीबी नाई, लाजेनं अंग असं गरम झालं होतं का रडनंबी सुचलं नाई.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी मायलेकी अकोल्याले गेल्या. मीबी गेली, कोनी बोलावलं नाई तरी, त्याच एसटीत, मांगच्या सीटवर. दवाखान्यात शोभाबाईले काई समजेना कुठी जाव, इकडून तिकडे पाठोत. मी जाऊन म्हनलं या खिडकीवर कागद करा, मंग त्या खोलीत रक्त देतात. मले तिथलं सगयं माहीत, दोन खेपा काढलेली म्हातारी मी. शोभाबाईनं माह्याकडे पाहलं नाई, पन मी सांगतलं तिकडे गेली. ज्या खोलीपुढे मी पदर तोंडावर घेऊन बसत होती तिथी आता ते पोट्टी बसली होती, पोट घेऊन, अन् येनारेजानारे पाहत होते. हे माह्यामुळे. तेवढ्या दिवसात मी नमाजाले बसली तं माह्यासाठी काईच मांगतलं नाई, मांगाची लाज वाटे.

रिपोर्टाचं शोभाबाईनं कळवलं नाई. वैशालीनंच फोन केला. म्हने मावशी, चांगला आला, मले काई नाई. माह्या तोंडातून अल्ला एवढंच निंगालं. मंग ते म्हने मावशी, हात भराले आईनं अकोल्याची मनियारीन सांगतली हाये, तू येऊ नोको. मलेबी भेव वाटते, खोटं नाई बोलत. मी म्हनलं बरोबर हाये बाई. म्हने अन् तुह्या गोल्या? म्हनलं पाहू. म्हने पाहू काय? त्या दिवशी चक्कीवर येऊन सगयाईपुढे सांगतलं तवा लाज नाई वाटली का तुले? म्हनलं वाटली, लय वाटली. म्हने मंग तेवढ्या लाजेत ते झालं तं गोल्या घ्याले काय होते, तिथी कोन पाहाले येते तुले? अन् फोन ठेवून देला. मावशी म्हनते अन् अशी बोलते. मायवर गेली हाये.

मी उठून रिपोर्टाची पिशवी काढली. मंग रशीदच्या अब्बाले म्हनलं चाला अकोल्याले.

आता तिसरी खेप चालू हाये. गोल्या सरकारी खिडकीवरून आनतो, लाइनीत उभी राहतो, तोंडावर पदर घेत नाई आता. फेरीतल्या बाया भेटतात तिथी, कोनी बोलते, कोनी पाठ फिरवते. चक्कीवरची गोष्ट दहा गावात गेली, दुकानात गिऱ्हाइक कमी झालं, रशीद बोलत नाई पन त्याच्या चेहऱ्यावर दिसते, अन् रशीदचे अब्बा म्हनतात मी सांगतलं होतं. सांगतलं होतं त्यानं, खरंच हाये. अन् तुमी म्हनता आता मन हलकं झालं असन. नाई झालं ताई. लाज गेली नाई, ते राहीन माह्यासंगं. फक्त गोल्या तिच्यासंगं खाता येतात हे समजलं. बरी होईन का नाई ते अल्लाले माहीत, गोल्या सरल्यावर तीन महिन्यानं समजन, अन् या खेपेले ते तीन महिने मी मोजनार हाये, जर्दा नाई, काई नाई, कोनाले सांगनारबी नाई. परत आली तं येईन, काय करू.

त्या सोमवारी तिकडे कार्यक्रम झाला म्हनतात. मी दुकानातच होती त्या दिवशी. ती अकोल्याची मनियारीन कोन हाये मले माहीत नाई, पन तिनं पोट्टीचा हात नीट ढिला करून घेतला असो, घाई केली नसो, एकबी बांगडी फुटली नसो. अल्ला त्या पोट्टीले सुखरूप मोकयी करो.